न आलेल्या मुलांचे काय?

मूल शाळेत दाखल झाले की जनरल रजिस्टरमध्ये त्याला एक क्रमांक मिळतो. पुढे त्याची तुकडी बदलली किंवा त्याने शाळा सोडली, तरी तो क्रमांक दुसऱ्या कोणाला दिला जात नाही. लहान मुलांच्या मेंदूवरील शस्त्रक्रियांचे संशोधन करायचे, तर पहिली गरज अशाच रजिस्टरची असते. संगणकावर त्याला डेटाबेस म्हणतात.

उदाहरणादाखल जलशीर्ष हा विकार घेऊ. मेंदूतील पोकळ्यांमध्ये एक द्रव सतत तयार होत असतो; प्रौढ माणसात दिवसाला सुमारे अर्धा लिटर. त्याची वाट अडली किंवा तो नीट शोषला गेला नाही, तर पोकळ्या फुगतात. तान्ह्या बाळाच्या कवटीची हाडे पक्की सांधलेली नसतात, त्यामुळे डोकेच मोठे होऊ लागते. ‘डोक्यात पाणी झाले’ असे म्हणतात तो हाच विकार. उपाय मुख्यतः दोन. शंट नावाच्या बारीक नळीने पाणी पोटात सोडणे, किंवा दुर्बिणीच्या साहाय्याने तिसऱ्या पोकळीच्या तळाला छिद्र पाडून नवी वाट करून देणे.

कोणत्या बाळाला कोणता उपाय लागू पडेल? एका रुग्णालयातील रुग्ण या प्रश्नाला पुरत नाहीत. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरनिराळ्या देशांतील १२ केंद्रांमधील ६१८ शस्त्रक्रियांच्या नोंदी एकत्र केल्या होत्या. त्यातून दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी गुणपद्धती तयार झाली. वय, विकाराचे कारण आणि पूर्वी शंट बसवला होता का, या तीन बाबींना गुण द्यायचे. महिन्याच्या आतील बाळाला वयाचे ० गुण, तर दहा वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या मुलाला ५०. एकूण गुण जास्तीत जास्त ९०. ही बेरीज म्हणजे शस्त्रक्रिया सहा महिने यशस्वी राहण्याची अंदाजे टक्केवारी.

रकाने तीनच, पण ते बिनचूक भरणे सोपे नाही. समजा, बोरिवलीला जन्मलेल्या बाळावर परळला शस्त्रक्रिया झाली. बारसे व्हायचे असल्याने कागदावर नाव नव्हते, फक्त आईचे नाव होते. सहा महिन्यांनी ते मुलुंडच्या दवाखान्यात स्वतःच्या नावाने आणि वडिलांच्या आडनावाने आले. दोन्ही नोंदी जुळवल्या नाहीत, तर एका बाळाची दोन बाळे होतात. म्हणून कायमचा क्रमांक हवा. तसेच ‘वय ३ महिने’ असे न लिहिता जन्मतारीख लिहावी. वय रोज बदलते, जन्मतारीख बदलत नाही.

सर्वांत अवघड भाग पाठपुराव्याचा. समजा, १०० मुलांवर शस्त्रक्रिया झाली. वर्षाने ६० मुले तपासणीला आली आणि त्यांतील ४८ बरी होती. यश किती? ४८ भागिले ६०, म्हणजे ८० टक्के, असे आपण पटकन म्हणू. पण न आलेल्या ४० मुलांचे काय? ती सगळी बरी असतील तर यश ८८ टक्के; एकही बरे नसेल तर केवळ ४८ टक्के. कोणी बरे वाटले म्हणून येत नाही, कोणी खाडा परवडत नाही म्हणून. काही मुले दगावलेलीही असू शकतात. न आलेल्या मुलाचा रकाना कोरा ठेवून चालत नाही. त्याच्या घरी फोन करून किंवा पत्र पाठवून चौकशी करावी लागते.

असे काम मुंबईला नवे नाही. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली येथे लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. भारतातील ती पहिली. तिचे कर्मचारी रुग्णालयांत जाऊन नोंदी गोळा करतात आणि महापालिकेच्या मृत्युनोंदींशी ताडून पाहतात.

अर्थात ही माहिती मुलांची आहे. संशोधनासाठी पालकांची संमती लागते. सात वर्षांवरील मुलाला समजेल अशा शब्दांत सांगून त्याचा होकारही घ्यावा लागतो. विश्लेषणाच्या तक्त्यात नाव-पत्ता ठेवत नाहीत, फक्त क्रमांक असतो. नाव आणि क्रमांक यांची यादी वेगळी, कुलपात असते.

वर्गात हाच हिशेब करून पाहता येईल. दहावीचा निकाल परीक्षेला बसलेल्या मुलांवर काढतात. पाच वर्षांपूर्वी पाचवीत असलेल्या मुलांची यादी जनरल रजिस्टरवरून काढा आणि त्यांतील किती जण दहावी झाले ते मोजा. दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत गेलेले वेगळे धरा. उरलेल्यांचा शोध घेणे, हेच संशोधन.