खात्यापासून हातापर्यंत

ग्रामीण भागातल्या सर्वसामान्य खातेदाराचा बँकेशी संबंध येतो तो मुख्यतः पैसे काढण्यासाठी. पीएम किसानचा दोन हजारांचा हप्ता, लाडकी बहीण योजनेचे पंधराशे, निराधार अनुदान, रोजगार हमीची मजुरी, कुठे कुठे दुधाचा पगार, असे सगळे आता थेट खात्यात जमा होते. २०१४ साली जनधन योजना आली आणि खाते नसलेले घर सापडणे अवघड झाले. पण खात्यातले पैसे हातात पडण्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

शाखा बहुधा बाजाराच्या गावी असते आणि आजूबाजूची अनेक गावे तिच्यावर अवलंबून असतात. एसटीचे किंवा वडापचे भाडे दोनदा परवडत नाही, म्हणून लोक बाजारादिवशीच बँकेचे काम काढतात आणि रांग दाराबाहेर जाते. नंबर लागेपर्यंत ‘लिंक गेली’ असे कळते. ती कधी येईल हे शाखेतही कुणाला ठाऊक नसते. लिहिता न येणाऱ्याला विड्रॉल स्लिप दुसऱ्याकडून भरून घ्यावी लागते. पासबुक छापायचे यंत्र बंद असेल तर खात्यात किती आहेत हे काउंटरवर, सगळ्यांदेखत विचारावे लागते. मजुरी बुडवून आलेल्या माणसाला ‘उद्या या’ हे उत्तर दिवसभराच्या रोजाला पडते.

हा ताण कमी व्हावा म्हणून रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये बँकांना प्रतिनिधी नेमायला परवानगी दिली. तेच आजचे बँक मित्र. किराणा दुकानाच्या किंवा झेरॉक्स सेंटरच्या कोपऱ्यात एक लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र, एवढाच त्यांचा पसारा. आधार क्रमांक टाकायचा, बँक निवडायची, रक्कम लिहायची आणि काचेवर बोट ठेवायचे. ठसा जुळला की बँक मित्र स्वतःच्या गल्ल्यातून नोटा मोजून देतो आणि तेवढी रक्कम त्याच्या खात्यात वळती होते. गल्ला त्याचाच असल्यामुळे हप्ता जमा झाल्याच्या दिवशी तो लवकर रिकामा होतो. त्यात त्याचा दोष नाही, कमिशनही तुटपुंजेच असते.

खरे अडते ते बोटावर. ऊस तोडणाऱ्या, विड्या वळणाऱ्या, सिमेंट कालवणाऱ्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात, म्हातारपणी त्या आणखी पुसट होतात. ठसा जुळला नाही की आधी काच पुसली जाते, मग अंगठा ओल्या फडक्याने. तरी जमले नाही तर बोट केसांवरून फिरवून पुन्हा टेकवतात, कारण कोरड्या कातडीचा ठसा नीट उमटत नाही. उजव्यानंतर डावा अंगठा, मग तर्जनी, मग मधले बोट. मागे रांगेतली माणसे बघत असतात आणि म्हातारी ओशाळून हात पदराला पुसत राहते. आधारमध्ये दहाही बोटांचे ठसे असल्याने बहुतेकांचे एखादे बोट लागतेच, पण कोणते लागले याची नोंद कुणी ठेवत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा पहिल्यापासून. जिचे एकही लागत नाही तिला ठसे नव्याने द्यायला आधार केंद्रावर पाठवतात, आणि ते केंद्र पुष्कळदा तालुक्यालाच असते.

याहून वाईट म्हणजे व्यवहार फसतो आणि खात्यातून रक्कम मात्र वजा होते. मेसेज जातो पुण्याला गेलेल्या मुलाच्या मोबाइलवर, कारण खात्याला नंबर त्याचा दिलेला असतो. बँक मित्र म्हणतो शाखेत विचारा, शाखा म्हणते बँक मित्राला विचारा. रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम स्पष्ट आहे. अशी रक्कम व्यवहारानंतर पाच दिवसांत परत जमा झाली पाहिजे, नाहीतर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम ज्याच्यासाठी केला, त्याच्यापर्यंतच तो पोहोचलेला नाही.

आधार जोडणीचा गोंधळ वेगळाच. लाडकी बहीण योजनेचे पहिले हप्ते ऑगस्ट २०२४ मध्ये जमा होऊ लागले तेव्हा तो गावोगावी दिसला. अर्जाला एका बँकेचे पासबुक लावलेले, पैसे गेले भलत्याच बँकेत. थेट लाभाची रक्कम आधार क्रमांकावर पाठवली जाते आणि त्याच्याशी सर्वात शेवटी जोडलेल्या खात्यात पडते. कधीतरी कुणी दारात येऊन अंगठा घेऊन उघडून दिलेले खातेही ते असू शकते.

केवायसीचेही तसेच. दोन वर्षे व्यवहार झाला नाही तर खाते निष्क्रिय होते. पासबुकावर माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे, एवढ्यावरून बायकांचे हेलपाटे सुरू होतात. जून २०२५ पासून केवायसी अद्ययावत करायला बँक मित्राची मदत घेण्याची मुभा बँकांना मिळाली आहे. तशी पाटी प्रत्येक बँक मित्राच्या दुकानात लागायला हवी.

खातेदाराने फसलेल्या व्यवहाराचीही छापील पावती मागून घ्यावी आणि शाखेत लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. त्यासाठी शुल्क लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.