जंतू नसताना चढणारा ताप

पावसाळ्यात वाशी-नेरूळच्या कुठल्याही बालरोगतज्ज्ञाकडे तापलेल्या पोरांची रांग असते. मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड, तपासण्यांचा क्रम ठरलेला. पण एखाद्या मुलाचे सगळे रिपोर्ट निगेटिव्ह येतात, चार-पाच दिवसांत ताप उतरतो आणि महिना-दीड महिन्याने पुन्हा १०३-१०४ वर जातो. मानेत गाठी, पोटदुखी, उलट्या, जुलाब. खोकला-सर्दीचा पत्ता नाही. ‘अँटिबायोटिक लागू पडलं’ म्हणून घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात. ताप मात्र आपल्या वेळेनेच गेलेला असतो.

असा परतणारा ताप कधी कधी आनुवंशिक असतो. त्यांपैकी एक म्हणजे मेव्हॅलोनेट कायनेजची कमतरता. सुरुवात बहुधा पहिल्या वर्षातच होते. १९८४ मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी हा ताप नोंदवला, १९९९ मध्ये त्याचा जनुक सापडला. शरीर ज्या रासायनिक साखळीतून कोलेस्टेरॉल बनवतं, तिच्यातलं एक विकर इथे अधू असतं. याच साखळीतले काही पदार्थ पायरिन या प्रथिनाला आवरून धरतात. ते कमी पडले की पायरिन मोकाट सुटतं आणि दाह पेटवणारं इंटरल्यूकिन-१ उसळतं. चोर नसताना सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीचा सायरन कोकलावा, तसं. लस टोचल्यावरही झटका येऊ शकतो. पण म्हणून लशी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो, आणि ते दोघे ठणठणीत असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला धोका चारात एक. मामाच्या मुलीशी लग्न लावणाऱ्या आपल्या समाजाने हे गणित लक्षात ठेवायला हवं.

याच्याच भाऊबंदांतला भूमध्यसागरी ताप १९७२ पासून कोल्चिसिनने आटोक्यात ठेवला जातो. सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीतही तेच द्रव्य असतं. (कंद जहरी आहे, घरगुती प्रयोग नकोत!) मेव्हॅलोनेटच्या तापात मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही. तिथे स्टिरॉइडचा छोटा कोर्स किंवा इंटरल्यूकिन-१ अडवणारी महागडी इंजेक्शनं लागतात.

निदानाची खरी संधी ताप चढलेला असतानाच मिळते. तेव्हा दाह दाखवणारा रक्तातला सीआरपी भरमसाट वाढतो, लघवीत मेव्हॅलोनिक आम्ल सापडतं. शेवटचा शब्द जनुक तपासणीचा. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहेमॅटॉलॉजी संस्था प्रतिकारशक्तीच्या जन्मजात आजारांवर काम करते.

पाळणाघरात जाणारं मूल वारंवार तापतंच, त्यात बहुतेकदा काळजीचं काही नसतं. तरीही ताप ठरावीक अंतराने येत असेल, तर प्रत्येक वेळची तारीख, तापमान आणि लक्षणं वहीत लिहा, गाठींचे-पुरळाचे फोटो काढा आणि ती वही पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेवा.