गल्ल्यातले पैसे घरात कुठे जातात? पाकीट पद्धत वापरून बघा
भूमचा खवा विकणारे असा की तुळजापुरात नवरात्रात दुकान लावणारे, अडचण एकच: गल्ल्यातूनच किराणा, गल्ल्यातूनच आहेर. मग माल भरायला पैसे उरत नाहीत.

उपाय सोपा आहे. दर सोमवारी गल्ल्यातून स्वतःचा ठरलेला पगार रोख घ्या. समजा २,००० रुपये. पाच पाकिटं करा: किराणा १,०००, शाळा ३००, दवाखाना ३००, सण-आहेर २५०, गॅस-लाईटबिल १५०.

एखादं पाकीट संपलं, तर दुसऱ्यातून घ्या आणि त्यावर लिहून ठेवा. पण गल्ल्याला हात लावायचा नाही! मोबाईलवर आलेले पैसेही गल्ल्याचेच समजा. दवाखान्याचे उरले तर तसेच साठू द्या.

नवरात्रातल्या कमाईतून आधी मंदीच्या महिन्यांचे पगार बाजूला काढा. महिनाभर करून बघा, फरक कळेल.