कर्ज काढून कॅमेरा घेण्याआधी: सेन्सरच्या आकाराचा हिशोब

आज आपल्याला कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या आकाराबद्दल बोलायचं आहे. कर्जत-खालापूर पट्ट्यात लग्नाच्या ऑर्डरी घेणारी बरीच तरुण मुलं-मुली आहेत आणि त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: ‘हातातला कॅमेरा विकून फुल फ्रेम घेऊ का?’ कॅमेरा आणि त्याच्या लेन्स मिळून रक्कम लाखांत जाते, ती बहुतेकदा हप्त्यांवर. लग्नाचा हंगाम पावसाआधी आटपतो, हप्ते मात्र बारा महिने चालतात. तेव्हा पैसे गुंतवण्याआधी हा हिशोब नीट समजून घेऊ.

आधी मापं पाहू. लेन्सच्या मागे प्रकाश टिपणारी जी चिप असते, तो सेन्सर. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. त्याखालचा एपीएस-सी साधारण २३.५ बाय १५.६, म्हणजे ३६७. मायक्रो फोर थर्ड्स २२५. ज्याला ‘एक इंची’ म्हणतात तो ११६. चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात आज सुमारे ७२ चौरस मिलिमीटरचा सेन्सर सापडतो.

हे आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून जमिनीच्या भाषेत सांगतो. फुल फ्रेम एक एकर धरला, म्हणजे ४० गुंठे, तर एपीएस-सी १७ गुंठे, मायक्रो फोर थर्ड्स साडेदहाच्या आत, एक इंची साडेपाचच्या आसपास आणि फोन सव्वातीन गुंठे. बरं, एक इंची सेन्सर कुठूनही मोजला तरी एक इंच भरत नाही. त्याचा कर्ण जेमतेम १६ मिलिमीटर आहे. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांत काचेच्या नळ्या असायच्या, त्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून हे नाव आलं आणि नळ्या गेल्या तरी चिकटून राहिलं.

‘फुल फ्रेम’ हे नावही असंच इतिहासातून आलेलं आहे. १९२५ साली लायका कॅमेरा बाजारात आला. त्यात सिनेमाचीच ३५ मिलिमीटर फिल्म आडवी सरकवून ३६ बाय २४ ची चौकट घेतली जायची. सिनेमाच्या कॅमेऱ्यात तीच फिल्म उभी सरकते, त्यामुळे तिथली चौकट लहान, रुंदीला साधारण २२ ते २५ मिलिमीटर. म्हणजे जवळपास आजच्या एपीएस-सीएवढी. आपल्या कर्जतजवळच्या एन. डी. स्टुडिओत ‘जोधा अकबर’चे सेट उभे राहिले आणि २००८ साली तो चित्रपट आला, त्या काळापर्यंत आपल्याकडचे बहुतेक मोठे चित्रपट फिल्मवरच्या अशाच लहान चौकटीत टिपले जात होते. पडदा केवढा मोठा असतो ते आपण जाणतोच. तिथे चौकट मोठी करत नव्हते, दिवे लावून उजेड वाढवत होते. हा मुद्दा पुढे कामाला येणार आहे.

आता मोठ्या सेन्सरने फायदा नेमका का होतो ते पाहू. वळवाच्या पावसाचे पहिले टपोरे थेंब अंगणातल्या फरशीवर पडताना आठवा. एका फरशीवर सात थेंब, शेजारच्या फरशीवर बारा. सगळं अंगण ठिपक्याठिपक्यांचं दिसतं. सर जोरात आली की तो फरक मिटतो, सगळ्या फरश्या सारख्याच ओल्या होतात. प्रकाशही असाच कणाकणाने येतो. एखाद्या जागी सरासरी १०० कण येणार असतील तर त्यात दहाएक कणांचा चढउतार असतो, म्हणजे १० टक्के. १०,००० कण आले तर चढउतार १०० चा, म्हणजे एकच टक्का. कमी उजेडातल्या फोटोत जे दाणे दिसतात, ज्याला आपण नॉइज म्हणतो, ते मुख्यतः हेच. आयएसओ वाढवल्यामुळे दाणे येतात असं आपण म्हणतो खरं, पण मूळ कारण प्रकाश कमी मिळाला हे आहे.

तोच पाऊस एका एकरावर आणि सव्वातीन गुंठ्यांवर पडला तर एकरात जास्त पाणी साठणार. पण एकरभर पाऊस पाडायचा तर ढगही तेवढा मोठा हवा! इथे ढग म्हणजे लेन्स. हीच गोष्ट जाहिरातीत सांगत नाहीत. लेन्सच्या तोंडाचा व्यास काढायची रीत सोपी आहे: फोकल लांबीला एफ नंबराने भागायचं. फुल फ्रेमवरची २४ मिलिमीटर एफ १.८ लेन्स घेतली तर व्यास १३ मिलिमीटरच्या पुढे जातो. तेवढंच दृश्य दाखवणाऱ्या फोनच्या लेन्सवरही एफ १.८ लिहिलेलं असतं, पण तिची खरी फोकल लांबी ७ मिलिमीटरच्या आत, म्हणून व्यास चारच्या आत. क्षेत्रफळात फरक बारा पटींचा. सेन्सरमधला फरकही बारा पटींचाच होता, आठवतंय ना?

आता हळदीच्या रात्रीचं उदाहरण घेऊ. मांडवात दोन-चार एलईडी, समोर नाच चाललेला. एकाकडे एपीएस-सी कॅमेरा आणि ३५ मिलिमीटर एफ १.८ ची साधी लेन्स. दुसऱ्याने हप्त्यांवर फुल फ्रेम घेतला, पैसे संपले, म्हणून सोबत एफ ४ ची झूम, ती ५० मिलिमीटरवर लावलेली. दोघांच्या चौकटीत जवळपास तेवढंच दृश्य येतं. पहिल्याच्या लेन्सचं तोंड १९ मिलिमीटरचं, दुसऱ्याचं साडेबाराचं. दोघांनी शटर सेकंदाच्या २५० व्या भागावर ठेवलं, तर लहान सेन्सरवाल्याला दुपटीहून जास्त प्रकाश मिळतो! हप्ता मात्र दुसराच भरतोय.

उलटही तितकंच खरं आहे. दुसऱ्याने ५० मिलिमीटर एफ १.८ लेन्स लावली की तोंड जवळजवळ २८ मिलिमीटर होतं आणि तो सहज पुढे जातो. म्हणजे मोठ्या सेन्सरचा फायदा खरा आहे, पण तो मोठ्या तोंडाच्या लेन्ससकट विकत घ्यावा लागतो.

मागची गर्दी धूसर होऊन नवरीचा चेहरा उठून दिसतो, तोही या तोंडाचाच परिणाम. पण नातेवाइकांच्या तीन रांगांचा ग्रुप फोटो काढताना सगळेच स्पष्ट हवेत. मग तोंड बारीक करावं लागतं आणि मोठ्या सेन्सरचा फायदा तिथल्या तिथे संपतो. अशा वेळी फ्लॅश किंवा जास्तीचा दिवा कामाला येतो. स्टुडिओवाल्यांची गोष्ट सांगितली ती यासाठीच.

मघाशी श्रोत्यांतून प्रश्न आला की काजव्यांच्या फोटोंना फुल फ्रेम लागतोच का. चांगला प्रश्न आहे. कोंडाणे लेण्यांवरून राजमाचीकडे चढून गेलं की पावसाच्या तोंडावर काजव्यांनी भरलेली झाडं दिसतात. तिथे दोन वेगळ्या गोष्टी टिपायच्या असतात. झाड आणि आकाश स्थिर असतं, त्यासाठी तिवई लावून वेळ वाढवला की लहान सेन्सरही भरपूर प्रकाश गोळा करतो. काजव्याची लुकलुक मात्र क्षणाची. शटर अर्धा मिनिट उघडं ठेवलं म्हणून ती लुकलुक जास्त तेजस्वी होत नाही. तिचा किती प्रकाश आत येणार हे लेन्सच्या तोंडावर ठरतं. हजारो ठिपक्यांनी भरलेले जे फोटो आपण पाहतो, ते बहुधा अनेक फोटो एकावर एक रचून केलेले असतात. आणि एक विनंती, तिथे टॉर्च मारू नका. त्या उजेडात काजव्यांची जोडीदाराला दिलेली खूण हरवते.

पक्ष्यांच्या बाबतीत लहान सेन्सर सोयीचा पडतो. माथेरानच्या झाडीत शीळकरी कस्तूर दिसला तर एपीएस-सीवरची ३०० मिलिमीटरची लेन्स फुल फ्रेमवरच्या ४५० एवढं जवळचं दृश्य देते. शिवाय पावसात पेठच्या किल्ल्यावर चढताना पाठीवर वजन कमी असतं, ते वेगळंच.

भर उन्हात, शेताच्या बांधावर, देवळाच्या अंगणात फोन पुरतो. आणि अल्बमचं १२ बाय १८ इंचाचं पान उत्तम छापायला साधारण २ कोटी पिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलचा कुठलाही कॅमेरा ते देतो.

तेव्हा आमचा सल्ला असा. आधी मोठ्या तोंडाची एक लेन्स घ्या, मग एखादा चांगला दिवा. तरीही काम अडत असेल तर फुल फ्रेम आणि त्याची चांगली लेन्स एका हळदीपुरती भाड्याने आणा. आपल्या जुन्या कॅमेऱ्यानेही त्याच मांडवात, त्याच दिव्यांखाली फोटो काढा. दोन्ही फोटो अल्बमच्या मापात छापून घ्या आणि कुठला कशाचा हे न सांगता गिऱ्हाइकासमोर ठेवा. त्यांना फरक दिसला आणि त्या फरकाचे जास्त पैसे द्यायची त्यांची तयारी असली, तर खुशाल कर्ज काढा. नाही दिसला, तर ते पैसे पुढच्या पावसाळ्यासाठी राखून ठेवा.