सगळ्यांत आधी कोण?

परवा रात्री जेवताना माझ्या सात वर्षांच्या नातीने विचारले, "आज्जी, जगातला पहिला प्राणी कोण?" मी भाकरी वाढत होते. "मासा असेल, जेव आता," म्हणून मोकळी झाले. तिने लगेच आईकडे वळून तोच प्रश्न कन्नडमधून टाकला, "अम्मा, यारु मोदलु?" सूनबाई धारवाडची. तीही नुसतीच हसली. पोर हिरमुसली.

मला रात्री चैन पडेना. इतकी वर्षे शाळेत शिकवूनही मी चक्क थाप मारली होती. दुसऱ्या दिवशी पुस्तके काढली आणि संध्याकाळी तिला जवळ घेऊन बसले.

पृथ्वीचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे. तेवढा काळ एका दिवसात बसवू या. मध्यरात्री पृथ्वी जन्मली. पहाटे सहाच्या आत समुद्रात जीव आले, पण एकाच पेशीचे, डोळ्यांना न दिसणारे. डोळ्यांना दिसतील एवढे प्राणी यायला रात्रीचे नऊ वाजले! मासे त्यानंतरचे. आणि माणूस बाराला पाच-सहा सेकंद उरले असताना आला.

मग प्राणी झाला कसा? एकट्या पेशी एकत्र राहू लागल्या आणि त्यांनी कामे वाटून घेतली, आपल्या एकत्र कुटुंबासारखी. स्पंज बघा. त्याच्या काही पेशी बारीक शेपटी हलवून पाणी आत ओढतात, काही नुसती भिंत होतात. त्या शेपटीवाल्या पेशींसारखेच दिसणारे एकपेशी जीव आजही पाण्यात आहेत. ते प्राण्यांचे सर्वांत जवळचे भाऊबंद.

नातीला सर्वांत आवडली ती इंग्लंडमधल्या चार्नवुड जंगलाची गोष्ट. १९५६ साली टीना नेगस या १५ वर्षांच्या मुलीला तिथल्या खडकात नेच्याच्या पानासारखा ठसा दिसला. तिच्या शिक्षिकेने सांगितले, इतक्या जुन्या खडकात जीवाश्म नसतातच. विषय संपला. पुढच्याच वर्षी रॉजर मेसन या शाळकरी मुलाला तोच ठसा दिसला. त्याच्या वडिलांनी तो ट्रेव्हर फोर्ड या भूशास्त्रज्ञापर्यंत पोहोचवला आणि १९५८ मध्ये त्याचे नाव पडले चार्निया मासोनी. वय सुमारे ५६ कोटी वर्षे! टीनाचे श्रेय मान्य व्हायला मात्र बरीच वर्षे गेली.

त्याच काळातला दुसरा जीव डिकिन्सोनिया. लांबट भाकरीसारखा; ना तोंड, ना डोळे, ना पाय. तो प्राणी होता की आणखी काही, यावर वाद होता. रशियात पांढऱ्या समुद्राकाठी मिळालेल्या त्याच्या ठशात कोलेस्टेरॉलचे अंश सापडले आणि २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी सांगितले, हा प्राणीच.

आपल्या भीमबेटकातही डिकिन्सोनिया मिळाल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले होते. २०२३ मध्ये कळले, ते तर मधमाश्यांचे जुने पोळे! नात पोट धरून हसली. मी म्हटले, "बघ, मोठी माणसंही चुकतात. म्हणून पुन्हा तपासायचं."

तिने माझ्याकडे रोखून पाहिले. "आणि टीनाच्या बाई? त्यांनी जाऊन बघितलंच नाही ना?"

मला माझी कालची भाकरी आठवली. "नाही बघितलं," मी म्हटले.

ती उठली आणि स्वयंपाकघरात आईला कन्नडमधून सगळे पुन्हा सांगू लागली. मीही मागोमाग गेले. या वेळी दोघी नीट ऐकत होतो.