विस्मरण आणि बी-१२

स्मरणशक्तीसाठी बदाम खा, असे घरोघरी सांगतात. पण शाकाहारी घरांनी त्याआधी बी-१२ जीवनसत्त्वाकडे पाहायला हवे, असे मला ठामपणे वाटते. मज्जातंतूंवरचे मायलिनचे आवरण शाबूत राहायला ते लागते आणि आहारात ते भरवशाने मिळते ते दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातल्या सुमारे ६७ टक्के मध्यमवयीन पुरुषांमध्ये त्याचे प्रमाण कमी आढळले.

‘आजे-पणजे शाकाहारीच होते, त्यांचे काय बिघडले?’ असे विचारले जाते. पण त्यांचे रक्त तपासले कोणी होते? उतारवयातले विस्मरण तेव्हा वयाच्या खात्यात टाकले जाई. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कमतरता नसलेल्यांची स्मरणशक्ती बी-१२च्या गोळ्यांनी सुधारल्याचा भक्कम पुरावा नाही. हे खरेच आहे, म्हणून सरसकट गोळ्या नकोत. मात्र वयस्कर, शाकाहारी किंवा बी-१२ घटवू शकणारे मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध दीर्घकाळ घेणाऱ्या व्यक्तीला विसर पडू लागला, तर स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारण्याआधी रक्ततपासणी व्हायलाच हवी. ही कमतरता भरून काढता येते. उशीर झाला तर मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते.