थंड प्रदेशातली लाट आणि दुहेरी यंत्राचा हिशेब

४९.६ अंश सेल्सियस. २९ जून २०२१ रोजी लिटन या गावात नोंदलं गेलेलं हे तापमान मे महिन्यातल्या नागपूरलाही मागे टाकणारं आहे. पण लिटन आहे कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, पन्नासाव्या अक्षांशाजवळ. देशाचा त्याआधीचा उच्चांक ४५ अंशांचा होता, तोही १९३७ मधला.

त्या लाटेत प्रांतात ६१९ माणसं उष्णतेने दगावली. त्यातले ९८ टक्के मृत्यू छपराखाली झाले. मृतांपैकी दोन तृतीयांश सत्तरीचे किंवा त्यापुढचे होते आणि निम्म्याहून अधिक एकटे राहत होते. बहुतेकांच्या घरी एसी नव्हता. आपल्याकडे उष्माघात म्हटलं की उन्हात राबणारा मजूर डोळ्यांसमोर येतो. तिथे माणसं घरातच गेली. ऊन काचांतून आत येतं आणि रात्री उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते. खोली पस्तिशीपलीकडे तापली की वृद्धांना पंख्याचाही फारसा आधार उरत नाही.

२०२३ मध्ये प्रांताने कमी उत्पन्नाच्या, धोका जास्त असलेल्या लोकांना पोर्टेबल एसी फुकट देण्याची योजना आणली. २०२४ च्या बांधकाम नियमांनुसार नव्या घरात निदान एक खोली २६ अंशांपुढे तापणार नाही, अशी रचना हवी. प्रश्न उरतो जुन्या घरांचा, आणि तिथे हीट पंपाचा हिशेब बघण्यासारखा आहे.

हीट पंप म्हणजे दोन्ही दिशांनी चालणारा एसी. उन्हाळ्यात तो घरातली उष्णता बाहेर टाकतो. हिवाळ्यात झडप उलटी फिरते आणि बाहेरची उष्णता आत येते. यंत्रात फिरणारा आर-३२ हा वायू सुमारे उणे ५२ अंशांना उकळतो, म्हणून उणे १० अंशांच्या हवेतूनही उष्णता उचलता येते. विहिरीवरचा पंप पाणी तयार करत नाही, फक्त वर चढवतो, तसंच इथे. त्यामुळे एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता मिळते.

एक उदाहरण घेऊ. घराला वर्षाकाठी ९,००० युनिट उष्णता लागते. साध्या विजेच्या हीटरला तेवढीच वीज लागेल, हीट पंपाला सुमारे ३,०००. बचत ६,००० युनिट. उन्हाळ्यात तासाला पाऊण युनिट खाणारं हेच यंत्र रोज दहा तास, महिनाभर चालवलं तर खर्च २२५ युनिट. म्हणजे हिवाळ्यातल्या बचतीच्या चार टक्क्यांहूनही कमी.

पण हे गणित सगळीकडे सारखं जुळत नाही. थंडी वाढेल तशी यंत्राची क्षमता घटते, कडाक्यात जोडीला हीटर लागतो. घर गॅसवर तापत असेल आणि विजेचं युनिट गॅसच्या तिपटीहून महाग असेल, तर बिलातली बचत संपते. तरी थंडीचा बाऊ करण्याचं कारण नाही: नॉर्वेत शंभर घरांमागे सुमारे साठ हीट पंप आहेत.

बाहेरून पडदे, झाडांची सावली, शेजाऱ्याची विचारपूस हे उपाय स्वस्त आहेत आणि लगेच करता येतात. यंत्राचं अनुदान मात्र आधी विजेच्या हीटरवर तापणाऱ्या भाड्याच्या सदनिकांना मिळायला हवं. तिथे बचत सर्वांत मोठी, आणि एकटे वृद्ध राहत असतील तर गरजही. पण यंत्र बसवायचं घरमालकाने आणि बिल भरायचं भाडेकरूने. अनुदानाने ही गाठ सोडवली नाही, तर हिशेब कागदावरच राहील.